चाळणी यंत्राची, शिणवटा माणसाचा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नोकरी शोधणाऱ्यांची पत्रं या पानावर नेहमीच येतात. या खेपेला टेबलाच्या पलीकडून आलेली पत्रं घेतली आहेत : कारखान्यातले एचआर, कन्सल्टन्सी चालवणारे, घरी बसून दिवसभर उमेदवारांना फोन लावणारे. बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत तक्रार एकच. एआय आल्यावर काम हलकं होणार होतं, ते झालं नाही. उत्तरं भरतीच्या कामातल्या आणि मनःस्वास्थ्याच्या जाणकारांनी मिळून दिली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी एकटाच एचआर. पूर्वी व्हीएमसी (धातू कापणारं संगणकी यंत्र) ऑपरेटरची जाहिरात टाकली की पंचवीस-तीस बायोडेटा यायचे. आता पोर्टलवर दोन दिवसांत तीनशे येतात. सगळ्यांचं इंग्रजी सारखंच झकास आणि सॉफ्टवेअर सगळ्यांनाच ऐंशीच्या वर गुण देतं. मालक म्हणतात, सॉफ्टवेअर घेतलंय की, मग उशीर कशाला? संध्याकाळी डोकं ठणकतं, घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. – वाचक, अनगोळ

उत्तर : आधी हिशेब मांडू. एका अर्जाला दोनच मिनिटं धरली तरी ३०० अर्जांची ६०० मिनिटं होतात, म्हणजे सलग दहा तास. शिवाय हजेरी, पीएफ, ईएसआय, कंत्राटदारांची बिलं आहेतच. उशीर तुमच्या संथपणामुळं होत नाही. तो या गणितातच आहे. मालकांपुढं हे गणित कागदावर ठेवा, तोंडी नको.

आता हे तीनशे आले कुठून? उमेदवाराच्या मोबाइलमधलं एआय तुमच्या जाहिरातीतलेच शब्द उचलून त्याच्या बायोडेटात बसवतं आणि तुमचं सॉफ्टवेअर तेच शब्द मोजून गुण देतं. यंत्र यंत्राला शाबासकी देतं, असा हा प्रकार आहे. गुणांतला फरक पुसला गेला की चाळणीचा उपयोग संपतो आणि सगळं पुन्हा तुमच्या डोळ्यांवर येतं. त्यातही सारखे दिसणारे तीनशे कागद वाचणं हे वेगवेगळे तीनशे वाचण्यापेक्षा जास्त दमवतं, कारण नसलेला फरक डोळा शोधत राहतो. डोकं ठणकतं ते त्यामुळं.

चाळणी आणखी बारीक करण्यात अर्थ नाही. पोत्याचं तोंड अरुंद करा. जाहिरातीतच तीन प्रश्न घाला : मशीनच्या कोणत्या कंट्रोलरवर काम केलं, फानुक की सीमेन्स? शेवटचा जॉब कुठल्या धातूचा होता आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती होता? टूल बदलल्यावर कुठला ऑफसेट तपासता? उत्तर टाइप करून मागवू नका. तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज मागवा. मराठी, कन्नड, हिंदी, कुठलीही भाषा चालेल असं स्पष्ट लिहा. मशीनवर उभा राहिलेला माणूस एका दमात सांगतो. ज्यानं नुसता बटण दाबून अर्ज केला, तो मेसेज पाठवतच नाही आणि निम्मी गर्दी तिथंच गळते. ऐंशी अर्ज झाले की जाहिरात बंद करा, पोर्टलवर ती सोय असते. ऐंशींत दहा माणसं सापडली नाहीत तर चूक जाहिरातीच्या शब्दांत आहे. आणखी दोनशे वाचून ती सुधारणार नाही. फक्त जाहिरात रात्री टाकून सकाळी बंद करू नका. खेड्यातली पोरं कामावरून आल्यावर मोबाइल बघतात, त्यांना निदान दोन संध्याकाळी मिळाल्या पाहिजेत.

निवडलेल्या दहा जणांची पंधरा मिनिटांची चाचणी शॉप फ्लोअरवर घ्या आणि ती सेटरनं (मशीन लावून देणाऱ्यानं) किंवा सुपरवायझरनं घ्यावी, तुम्ही नव्हे. एक ड्रॉइंग वाचायला द्यायचं, ०.०२ मिमीपर्यंत मोजणाऱ्या व्हर्नियरवर एक माप घ्यायला लावायचं, ०.०१ च्या मायक्रोमीटरवर दुसरं. माणूस मशीनला चालेल की नाही हे ठरवण्याचं ओझं आजवर विनाकारण तुमच्या टेबलावर होतं. ते जिथं असायला हवं तिथं जाऊ द्या.

वाचन चाळीस अर्जांच्या गठ्ठ्यानं करा. गठ्ठा संपला की उठून स्टोअरपर्यंत चक्कर मारून या. गठ्ठा चालू असतानाही दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडं २० सेकंद बघायचं. चाळिशी उलटली असेल तर जवळच्या चष्म्याचा नंबर आधी तपासा, बऱ्याचदा अर्धी डोकेदुखी तिथंच असते. उलटी होत असेल किंवा अंधारी येत असेल तर हे पान बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

मालकांना दर महिन्याला तीनच आकडे द्या : अर्ज किती, चाचणीला किती आले, तीन महिन्यांनी किती टिकले. पहिला आकडा बघून ते तुम्हाला घाई करतात. तिसरा बघायची सवय लागली की घाईचा सूर बदलतो.

प्रश्न : माझी छोटी प्लेसमेंट कन्सल्टन्सी आहे. आम्ही पाठवलेली चांगली पोरं कंपन्यांचं सॉफ्टवेअर परत पाठवतं, कारण सांगत नाही. पोराचे वडील मात्र खडेबाजारात गाठून मलाच विचारतात. रात्री झोप लागत नाही, आपणच काही चुकवलं असं वाटत राहतं. – वाचक, शहापूर

उत्तर : ताई, सॉफ्टवेअर कारण सांगत नसलं तरी कारणं बहुतेक वेळा ठरावीक असतात. आपल्या भागातला बायोडेटा त्याच्या घशात कुठं कुठं अडकतो ते क्रमानं बघा.

पहिलं गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी आहे, त्याआधीच्या सर्टिफिकेटांवर बेलगाम, आणि पोरं स्वतःच्या मनानं तिसरंच स्पेलिंग करतात. कंपनीनं ठिकाणाची अट एकाच स्पेलिंगवर लावली असेल तर उरलेली दोन्ही बाहेर. दुसरं शिक्षणाचं नाव. दहावी-बारावीला आपल्याकडं एसएसएलसी आणि पीयूसी म्हणतात, पलीकडं महाराष्ट्रात एसएससी आणि एचएससी. कागलच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यानं ‘एचएससी पास’ अशी अट घातली की चिकोडीचा पीयूसी झालेला पोरगा यंत्राच्या लेखी बारावी नापास. उलट बाजूनंही तेच : चंदगडचा एचएससी झालेला पोरगा हत्तरगीकडच्या कंपनीत अर्ज करतो आणि तिथली अट पीयूसीची असते. माणसाला हे एका नजरेत कळतं. यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं.

तिसरी अडचण फॉन्टची. सायबर कॅफेत नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर पडद्यावर नीट दिसतो, पण तो युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांना सारखी कळणारी अक्षरांची पद्धत) नसेल तर यंत्राला तिथं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तपासायचं सोपं आहे. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करा. जे दिसेल तेच यंत्र वाचतं. चौथं म्हणजे बायोडेटाचा फोटो काढून केलेली पीडीएफ. त्यातला शब्द बोटानं निवडता येत नसेल तर बऱ्याच सॉफ्टवेअरसाठी ते पान कोरं आहे. दोन रकान्यांचे रंगीत नमुनेही नकोत. यंत्र डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला जोडतं आणि ‘फिटर, बेनकनहळ्ळी, २०१९’ याचं भलतंच काहीतरी होतं. फोन नंबर पानाच्या अगदी वरच्या हेडरमध्ये टाकला तर तो कित्येकदा उचललाच जात नाही. एकाखाली एक ओळी, साधा वर्ड किंवा वर्डमधून काढलेली पीडीएफ, एवढंच पुरे.

मग नावं. मार्कशीटवर वडिलांचं अक्षर मागं, आधारवर पूर्ण नाव पुढं, लग्न झालेल्या मुलींचं आडनावच वेगळं, आणि ज्योती, सविता, गीता यांच्या स्पेलिंगात कर्नाटकात एक जादा एच. एकाच बाईचे दोन अर्ज समजून यंत्र एक बाद करतं. बायोडेटावर नाव एसएसएलसीच्या मार्कशीटवर आहे तसंच ठेवा आणि खाली एका ओळीत ‘लग्नानंतरचं नाव’ लिहा.

शेवटी मधली रिकामी वर्षं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं सैन्यभरतीसाठी वर्ष-दोन वर्षं घालवलेली पोरं इथं घरोघरी आहेत. सॉफ्टवेअर त्याला ‘गॅप’ म्हणतं आणि गुण कापतं. ती वर्षं मोकळी न सोडता ‘सैन्यभरतीची तयारी, जून २०२२ ते मे २०२४’ अशी महिन्यांसकट ओळ घाला. बापाच्या वर्कशॉपमध्ये किंवा शेतात घालवलेल्या वर्षांनाही हेच लागू.

आता दर शुक्रवारी अर्धा तास काढा. आठवड्यात परत आलेले वीस बायोडेटा हातानं वाचा आणि ज्यात काही वावगं नाही त्यापुढं वरचं कुठलं कारण दिसतं ते लिहा. विसांत दोनपेक्षा जास्त चांगले निघाले तर त्या कंपनीच्या एचआरला एक ओळीचा मेल करा : ‘पीयूसी आणि एचएससी समान धरा, बेळगावची तिन्ही स्पेलिंगं घाला.’ बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे दहा मिनिटांचं काम असतं, कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. यंत्र कसं चुकेल असं कुणी म्हणालं तर अ‍ॅमेझॉनचं उदाहरण द्या. मागच्या दहा वर्षांच्या बायोडेटांवर शिकवलेलं त्यांचं भरतीचं साधन बायकांचे अर्ज खाली ढकलत होतं, कारण शिकवणीतले बहुतेक अर्ज पुरुषांचे होते. ते गुंडाळल्याची बातमी २०१८ मध्ये बाहेर आली. न्यू यॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा साधनांची भेदभावासाठी तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत, पण भरतीच्या साधनांना त्यात सरळ ‘जास्त जोखमी’च्या यादीत टाकलंय. परदेशी गिऱ्हाईक असलेल्या कारखानदाराला हे सांगितलं की तो कान देतो.

झोपेचं म्हणाल तर निर्णय तुमचा नाही आणि तोंड मात्र तुमचं, ही परिस्थिती कुणालाही पोखरते. पुण्या-मुंबईत नाकारलेला उमेदवार पुन्हा दिसत नाही. इथं तो पाहुण्यांतला निघतो, नाहीतर गणपतीच्या मंडळात भेटतो. म्हणून वडिलांना द्यायचं उत्तर आधीच ठरवून ठेवा : ‘काका, अर्ज मी बारा तारखेला पाठवला. कंपनीच्या सॉफ्टवेअरनं तो घेतला नाही, कारण कळवलेलं नाही. मी परत विचारलंय, शुक्रवारी चारपर्यंत फोन करते.’ काय झालं, मी काय केलं, पुढं कधी, एवढंच. ‘बघूया की’ म्हणू नका. आपल्याकडं त्याचा अर्थ होय पण होतो आणि नाही पण, आणि माणूस आशेनं पुन्हा विचारतो. कामाचं सिम वेगळं ठेवा आणि भेटायची वेळ एकच, तीन ते चार ऑफिसात, अशी पाटी लावा. रात्री नऊ वाजता उद्याची राहिलेली नावं वहीत उतरवून वही मिटा. डोक्यात फिरणारी यादी कागदावर आली की तिचा जोर ओसरतो. तरीही आठवड्यातल्या तीन-चार रात्री झोप उडते आहे आणि असं महिनाभर चाललंय, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी घरून बेंगळूरच्या एका एजन्सीसाठी भरतीचे फोन करते. रोज ७० फोनचं टार्गेट आहे. एआय माझा प्रत्येक फोन ऐकतं आणि शंभरपैकी गुण देतं. मला ‘उत्साह कमी’ म्हणून साठ-बासष्टच मिळतात. आता फोन लावण्याआधी छातीत धडधडतं. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. – वाचक, निपाणी

उत्तर : धडधडीला ‘टेन्शन’ म्हणून मोकळं होऊ नका. आधी रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच, एवढं तपासून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडला तरी हुबेहूब असंच होतं, आणि बायकांच्या बाबतीत हे मनावर ढकलून द्यायची घाई फार होते. अहवाल ठीक आले की मग पुढचं.

टार्गेट तपासा. फोनला सरासरी चार मिनिटं आणि नोंदीला दोन धरली तर ७० फोनांची ४२० मिनिटं, सात तास. पाणी प्यायला, न उचललेले फोन पुन्हा लावायला, रागावलेल्या उमेदवारानंतर श्वास घ्यायला जागाच नाही. पन्नास फोन धरले तर पाच तास होतात आणि उरलेला वेळ माणसासारखा जातो. मॅनेजरशी बोलताना ‘जमत नाही’ असं म्हणू नका, हे कोष्टक पुढं ठेवा. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकानं आणि व्यापारी आस्थापनांच्या कायद्यात कामाची मर्यादा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची आहे, हेही माहीत असू द्या.

आता गुण. ही साधनं साधारणपणे कोण किती वेळ बोललं, मध्ये किती थांबलं, आवाज किती चढला-उतरला, ठरलेली वाक्यं म्हटली की नाही, हे मोजतात. त्यावरून ‘उत्साह’ काढणं हा अंदाज आहे. आपल्याकडचं बोलणं तर एका वाक्यात तीन भाषांतून फिरतं : ‘नोटीस पीरियड एष्टु दिना इदे? तीस की साठ?’ एका भाषेवर शिकवलेलं यंत्र इथं अडखळतं आणि त्याच्या अडखळण्याचे गुण तुमचे कापले जातात. माणसाच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून असं काही काढणं वादातच आहे. मुलाखतींचे व्हिडिओ तपासणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीनं चेहऱ्याच्या हावभावांवरून मूल्यमापन करणं सोडल्याचं २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं.

लेखी तीन गोष्टी विचारा. गुण कशाकशाचे मिळून होतात? सर्वांत कमी गुणांचे तीन फोन दर आठवड्याला माणूस ऐकेल का? पगाराशी किंवा इन्सेंटिव्हशी याचा संबंध आहे का? आणि स्वतःची दोन आठवड्यांची वही ठेवा : फोन, गुण, मुलाखतीला आला का, जॉइन झाला का. कमी गुणांच्या फोनांतूनही माणसं जॉइन होत असतील तर तुमच्या हातात खरा पुरावा आला. नसतील, तर बोलण्यात काय बदलायचं तेही त्याच वहीत दिसेल.

रॉबर्ट कारासेक या अभ्यासकानं १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट इथं तंतोतंत बसते : नुसता भार माणसाला तितका मोडत नाही, भार जास्त आणि मुभा कमी असली की मोडतो. तुमच्या बाबतीत यंत्रानं भार ठेवला आणि मुभा काढून घेतली. टार्गेट लगेच कमी होणार नाही कदाचित, म्हणून मुभा मागा : फोनांचा क्रम मी ठरवीन, पहिलं वाक्य माझ्या भाषेत बोलीन, दुपारी अर्धा तास स्क्रीन बंद. ही मागणी मॅनेजरला स्वस्त पडते, म्हणून मिळण्याची शक्यताही जास्त.

जागतिक आरोग्य संघटना कामाच्या थकव्याची तीन लक्षणं सांगते : शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल मनात कडूपणा किंवा अंतर येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तो आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाशी जोडलेली अवस्था आहे. म्हणजे उपायही कामातच हवा, नुसता प्राणायाम पुरत नाही. बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा सरकारी टेली मानस क्रमांक रात्रंदिवस, फुकट चालतो. मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडची डिमहान्स ही मनःस्वास्थ्याची सरकारी संस्था आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर वाट बघत बसायचं नाही, त्याच क्षणी हा नंबर लावायचा आणि घरातल्या एकाला सांगायचं.

प्रश्न : व्हिडिओ मुलाखतीत उमेदवार एआयची उत्तरं वाचून दाखवतात. मी प्रश्न विचारायचं सोडून त्यांचे डोळे कुठं फिरतात ते बघत बसतो. पोलिसासारखं वाटायला लागलंय. – वाचक, चिकोडी

उत्तर : डोळ्यांवरून काही ठरवू नका. मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणारा पोरगा वर बघतो, थांबतो, अडखळतो. नेट अडकलं तरी तेच दिसतं. पकडण्याचं कामच सोडा. प्रश्न असा विचारा की वाचून उत्तर देता येऊ नये : ‘तो जॉब कुठं बिघडला? कुणाच्या लक्षात आलं? मग काय केलंत?’ दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला उसनं उत्तर संपतं. किंवा कागदावर आकृती काढून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. मराठी-कन्नडमध्ये बोललं तरी चालेल हे सुरुवातीलाच सांगितलं की निम्म्या पोरांना वाचायची गरजच उरत नाही. पहिली फेरी सात-आठ मिनिटांचा साधा फोन, दुसरी समोरासमोर. इथून बहुतेक ठिकाणी एसटी किंवा कर्नाटकच्या सरकारी बसनं दोन तासांत माणूस येतो. मुलाखत देणारा आणि कामावर येणारा एकच आहे हे जॉइनिंगच्या दिवशी फोटो-ओळखपत्रावरून पडताळा.

प्रश्न : बायोडेटा फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून तक्ता करून घेतला तर चालतं का? मनात धाकधूक असते. – वाचक, खानापूर

उत्तर : जसाच्या तसा टाकू नका, धाकधूक रास्त आहे. नाव, फोन, पत्ता, जन्मतारीख, आधार, फोटो काढून टाका आणि त्या जागी क्रमांक घाला. कोणता क्रमांक कुणाचा ही यादी स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. अर्ज घेतानाच ‘ही माहिती कशासाठी वापरू’ हे दोन ओळींत लिहून संमती घ्या. तक्ता आला की दर दहा ओळींतली एक मूळ बायोडेटाशी ताडून बघा. चॅटबॉट कुठं काही सापडलं नाही की मनानं भरतो. ‘अनुभव’ या रकान्यात हे हमखास होतं. तक्ता करून घ्या, गुण देऊन घेऊ नका.

प्रश्न : कन्सल्टन्सीत सहा मुली होत्या. सॉफ्टवेअर घेतल्यावर दोघींना कमी केलं. उरलेल्या चौघींकडं प्रत्येकी भरायच्या ३०-३५ जागा आहेत. त्यातल्या दोघींनी आता राजीनामा दिलाय. टायपिंग गेलं, वेळा ठरवणं गेलं, मग यांना जड काय पडतं? – वाचक, टिळकवाडी

उत्तर : गेलं तेच. जाहिरात टाइप करणं, मुलाखतीच्या वेळा जुळवणं, बायोडेटा फोल्डरात लावणं ही कामं कंटाळवाणी होती खरी, पण दोन अवघड फोनांच्या मध्ये तीच विसावा होती. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये कारखान्यांतल्या यंत्रांबद्दल हेच दाखवून दिलं होतं : सोपं ते यंत्राकडं जातं आणि माणसाकडं नुसतं अवघड उरतं. तुमच्या मुलींचा दिवस आता सगळाच नकार कळवणं, पगारावरून घासाघीस, शेवटच्या क्षणी फिरलेला उमेदवार आणि चिडलेली कंपनी असा झालाय. पूर्वीच्या ३५ जागा आणि आताच्या ३५ जागा यांचं वजन एक नव्हे.

मोजायचं तर जागा मोजू नका, अवघड फोन मोजा. एकीकडं दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त नकोत आणि सलग तीनपेक्षा जास्त नकोत. आमच्या मते एकीला पंधराच्या आसपास चालू जागा हे बरं प्रमाण आहे. सगळ्या एकाच प्रकारच्या ऑपरेटरच्या असतील तर वीस चालतील.

धंद्याच्या हिशेबानंही हे परवडतं. वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के ही नेहमीची फी धरली तर ४ लाखांच्या माणसामागं सुमारे ३३ हजार मिळतात, तेही तो जॉइन झाल्यावर, आणि बऱ्याच करारांत ९० दिवसांत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. म्हणजे तुमचा पैसा चाळणीत नाही, ऑफर आणि जॉइनिंग यांच्या मधल्या नोटीस पीरियडमध्ये अडकलेला असतो. तिथं यंत्र सर्वांत कुचकामी आहे. बॉटनं विचारलं, ‘एक तारखेला येणार का?’ पोरगा म्हणतो, ‘येतो की.’ बॉट हिरवी खूण करतो. माणसाला मात्र त्या ‘की’च्या आधीचा थांबा ऐकू येतो. जुन्या कंपनीनं पगार वाढवलाय, आई पुण्याला सोडत नाही, नाहीतर खानापूरहून पहिल्या शिफ्टला पोचवणारी बसच नाही, असं काहीतरी त्यामागं असतं. म्हणून ऑफरच्या दिवशी, राजीनाम्यानंतर सात दिवसांनी, मध्यावर आणि जॉइनिंगच्या आधीच्या आठवड्यात असे चार फोन, तेही एकाच मुलीनं करायचे. जिनं पहिला केला तिनंच शेवटचा.

बॉटकडं फक्त वेळेची आठवण आणि पत्ता पाठवणं ठेवा. मराठी आणि कन्नड मजकूर तुमच्यातल्या एकीनं वाचून मंजूर केलेला असावा. ‘आपली उमेदवारी अस्वीकृत’ असला मजकूर गेला की दुपारपर्यंत शिव्या खायला मुलीच असतात. समोरासमोर मुलाखत झालेल्याला नकार फोनवरच सांगायचा, मेसेजवर नाही, आणि तो फोन झाला की दहा मिनिटं डेस्क सोडायची मुभा. साडेसात वाजता कामाचे मोबाइल ड्रॉवरमध्ये. कमी केलेल्या दोघींपैकी एकीला अर्ध्या वेळेसाठी तरी परत विचारून बघा, नोटीस पीरियडचे फोन एवढंच काम देऊन. राजीनामा दिलेल्या दोघींना मात्र पगार वाढवतो असं सांगण्याआधी त्यांच्या गेल्या आठवड्यातले अवघड फोन किती होते ते विचारा आणि त्या सांगतील तो आकडा वहीत लिहून घ्या.